शंभरातले किती

उगवण चाचणीच्या खोलीत माझं काम मोजायचं.
ओल्या कागदावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडायचे,
गुंडाळी करायची, आठव्या दिवशी उलगडायची.
मोड आले किती, कुजले किती,
वहीत आकडा आणि खाली सही:
कुशावर्ता डोईफोडे.
बारा वर्षं झाली जालन्याच्या एमआयडीसीत.
आकड्यात कधी चूक नाही.

औषध चोळलेलं बी गुलाबी असतं,
पंगतीतल्या बुंदीत सापडणाऱ्या रंगीत दाण्यासारखं.
माझी हनुवटीही गुलाबी, नाकाचा शेंडा गुलाबी,
डाव्या भुवईखाली बारमाही पुरळ.
हातमोजे घालते. हातमोज्यासकट हात तोंडावर.
"काहून गं सारखी चाचपतीस?" नसीमबी म्हणायची,
"तोंड पळून चाललंय का कुठं?"
कातडीचे डॉक्टर म्हणाले,
मलम देतो, पण आधी हात आवरा.

हात आवरा.
जसा काही तो पसारा आहे
आणि पाहुणे यायचेत.

मग भाच्यानं घड्याळ पाठवलं, त्यात ॲप.
त्याला आधी शिकवावं लागतं.
रात्री भांडी झाल्यावर आरशापुढे बसले.
कपाळाला हात न्या, दहा वेळा.
आता नाकाला.
आता गालाला, आता ओठांना.
जी सवय मोडायची
तीच मन लावून गिरवली,
पाटीवरच्या अक्षरासारखी.
लेक दाराला टेकून हसत होती.
"मम्मी, बिघडायची शिकवणी लावली का?"

पहिल्या दिवशी दोनशे चौदा.
एखादा नमुना असता तर शेरा मारला असता,
पुन्हा तपासावा.

मनगट थरथरायचं
भाकरीचा घास उचलला की,
टिकली लावली की,
फोन कानाशी नेला की,
एकदा तर शेजारच्या मयतीत, डोळ्याला पदर लावताना.
सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या.
त्याला काय कळणार
घास कोणता, चाळा कोणता, रडणं कोणतं.
नको ते काढून टाकायला ॲपमध्ये जागा होती.
मी घास काढला. टिकली काढली.
रडणं काढायला बोट गेलं आणि थांबलं.

आठवड्यानं त्यानं आलेख दाखवला.
सकाळ सपाट. जेवणाची सुट्टी सपाट.
साडेतीन ते चार मात्र सरळ टेकडी,
एकट्या मंगळवारी सदतीस.

मंगळवार मला आठवत होता.
गुंडाळी उलगडली, मोड मोजले, अठ्ठावन्न.
गुट्टेसाहेब खुर्चीमागं येऊन उभे राहिले.
"बाई, गाडी भरून उभी आहे.
बहात्तर लिहून टाका."
आवाजही चढवला नाही. चहा विचारावा तसं म्हणाले.

मी बहात्तर लिहिलं,
पेन ठेवलं
आणि हात ओठांवर गेला.
तेव्हा थरथरलं होतं.
खूप वेळ थरथरत होतं,
मला वाटलं चार्जिंग संपतंय.

वर म्हणाले ना, आकड्यात कधी चूक नाही.
चूक नव्हतीच ती.
मोजलं बरोबर होतं.

आता एकोणीसवर आलंय, एखाद्या दिवशी सोळा.
पुरळ बसलं.
नसीमबी म्हणते, उजळलीस गं, कोणती क्रीम?
डॉक्टरांनी पुढची तारीखच दिली नाही.

काल पुन्हा साडेतीन.
गुंडाळी उलगडली. एकसष्ट.
पाठीमागं बूट वाजले आणि थांबले.
ह्या वेळी साहेब काही बोलले नाहीत,
बोलायची गरजच पडली नाही.
उजव्या हातात पेन. वहीवर टेकलेलं, शाई जरा पसरलेली.
मनगट एकदम गप्प.
बघ, म्हटलं, सुटली सवय.

आणि मग ध्यानात आलं,
डावा हात,
ज्यावर घड्याळ नाही,
ज्याला कुणी कधी काही शिकवलं नाही,
कधीचा माझ्या तोंडावर होता.
घट्ट.